बाबूजींच्या मोबाईलला जोडलेला कॉम्प्युटर

वीरेंद्रचा आवाज चांगला होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला जरा जास्तच माहीत होती. सौसरच्या बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान. सकाळी शटर वर केलं, उदबत्ती लावली, की पहिलं काम म्हणजे मोबाईल तोंडाजवळ धरून बातमी बोलायची. राजकारणाची नाही, क्रिकेटची नाही, फक्त मोबाईल-कॉम्प्युटरची. कोणतं ॲप नवं आलं, कोणतं जुन्या फोनवर बंद पडणार, सध्या लोकांना कसं गंडवतात. अशा बातम्या हिंदीत ढिगानं येतात, पण आपल्या बोलीत कोणी सांगत नाही, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंतच्या ग्रुपांवर त्याचा आवाज फिरायचा. बोरगावच्या पानठेल्यावर एकानं त्याला नुसत्या आवाजावरून ओळखलं, तेव्हापासून तो घरात मीठ मागायचा तेही बातमी दिल्यासारखं.

त्याची बातमी सगळ्यात आधी ऐकायचे ते त्याचे वडील, यशवंतराव. घरात सगळे त्यांना बाबूजी म्हणत. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला सरळ माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दुकानात जे बोलायचा ते बाबूजी घरी खुर्चीत बसून, मोबाईल कानाला लावून ऐकायचे आणि सांगितलेलं लगेच करूनही पाहायचे. वीरेंद्रनं पासवर्ड बदला म्हटलं की बदलायचे, आणि दुपारी विसरायचे.

गेल्या वर्षी पेन्शनचे काही कागद बाबूजींच्या व्हॉट्सॲपवर आले होते. ते छापायला वीरेंद्रनं त्यांचं व्हॉट्सॲप दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडलं. काम झालं की काढू, असं तोच म्हणाला. काढलं नाही. पहिले काही महिने तो निव्वळ आळस होता, आणि आळसाला कोणी गुन्हा म्हणत नाही. मग एक दिवस त्या यादीत वरच्या बाजूला 'करुणाताई, पांढुर्णा' हे नाव दिसलं. खाली ओळ होती : 'गुडघा कसा आहे आज?'

वीरेंद्रनं ते उघडलं.

करुणाताई पांढुर्ण्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्याही एकट्याच. पेन्शनरांच्या कुठल्याशा बैठकीत दोघांची ओळख झालेली. बोलणं तरी काय, वांग्याचं भरीत केलं, एकटीसाठी करायचा कंटाळा येतो. औषध घेतलं का. आमच्याकडे संत्रा गोड निघाला यंदा. बाबूजी रोज त्यांना वीरेंद्रची बातमी पाठवायचे आणि खाली लिहायचे, 'आमचा वीरू.'

संशय असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं. संशय नव्हता. फसवणुकीची भीती म्हणावी तर तीही नव्हती. चटक लागली होती. सकाळी चहाबरोबर पेपर वाचावा तसा हा माणूस बापाचं बोलणं वाचायचा. आधी त्याला हसू यायचं, मग राग यायला लागला. या वयात हे काय, लोकांना कळलं तर काय म्हणतील, बायकोच्या, प्रणालीच्या माहेरी काय तोंड दाखवायचं. एकदा बाबूजींनी लिहिलं होतं, 'घरातले सगळे चांगले आहेत, पण मी खोलीत आलो की बोलणं थांबतं.' हे वाचून वीरेंद्रला फार लागलं. दोन दिवस तो जेवताना बाबूजींशी इतकं बोलला, इतकं बोलला, की शेवटी त्यांनीच विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मग करुणाताईंचा मेसेज आला : 'शनिवारी जामसांवलीला येते. दर्शन घेऊ, दहा मिनिटं बसू.' शुक्रवारी संध्याकाळी वीरेंद्रनं ताटावर बसल्या बसल्या जाहीर केलं, "उद्या सगळेच जाऊ जामसांवलीले. लय दिवस झाले मारुतीच्या पाया पडून."

बाबूजींचा घास हातातच राहिला. "जाऊ ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंदिराबाहेर प्रसादाच्या दुकानाशी एक फिकट निळ्या साडीतल्या बाई उभ्या होत्या. बाबूजी त्यांच्या समोरून खाली बघत गेले. वीरेंद्रनं दोघांनाही पाहिलं आणि काही न पाहिल्यासारखं केलं. येताना गाडीत त्याला अगदी मोकळं वाटत होतं, घराची अब्रू वाचवल्यासारखं. प्रणाली म्हणाली, बाबूजींचं तोंड उतरलंय, तर म्हणाला, ऊन लागलं असेल. सोमवारी दुकानात त्यानं वाचलं. करुणाताईंनी लिहिलं होतं, 'तुमचा मुलगा अगदी तुमच्यासारखाच चालतो हो.' बाकी तक्रारीचा एक शब्द नाही. वीरेंद्रनं तेवढं वाचून बंद केलं, आणि त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं.

थंडी सुरू झाली त्या सुमाराला देशभर एक बातमी गाजत होती. भामटे लोकांचं व्हॉट्सॲप गुपचूप आपल्या कॉम्प्युटरला जोडतात आणि सगळं वाचत बसतात. वीरेंद्रनं ती आपल्या ठसक्यात सांगितली.

"मोबाईल हातात घ्या. व्हॉट्सॲप उघडा. वर तीन टिंबं हायेत, ते दाबा. 'लिंक्ड डिवाइस' म्हून येईन. तिथं ओळखीचं नसलेलं काही दिसलं, तं समजून घ्या का कोनीतरी बसल्या जागी तुमचा एक-एक शब्द वाचून राह्यला. घाबरू नका. ज्याचा फोन त्यानं आपल्या हातानं त्याले बाहेर काढा."

हे बोलण्याआधी दहा मिनिटं तो बाबूजींचे सकाळचे मेसेज वाचत होता. तरी आपण त्या 'कोणीतरी'त मोडतो, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तो मुलगा होता. मुलगा वाचतो ते वेगळं आणि भामटा वाचतो ते वेगळं, असं त्याचं आपलं चाललेलं.

दुपारी बाबूजी दुकानात आले. फोन न करता ते कधी येत नसत. गिऱ्हाईक जाईपर्यंत काउंटरच्या बाहेरच उभे राहिले आणि मग मोबाईल पुढे केला.

"वीरू, हे पाह्य बरं. तू सांगतलं तसं केलं मी. इथं विंडोज म्हून दिसून राह्यलं. मी तं कुठंच जोडलं नाई."

त्याखाली वापरल्याची शेवटची वेळ होती. आज सकाळची.

खरं म्हणजे उत्तर तयार होतं. बाबूजी, हे आपलंच, पेन्शनच्या कागदांसाठी जोडलेलं, काढायचं राहिलं. अर्धं तरी खरं झालं असतं. पण ती सकाळची वेळ समोर दिसत होती, आणि वीरेंद्रची जीभ भलतीकडेच वळली.

"कोनी फसवून जोडलं असन बाबूजी. आजकाल लिंक पाठवतात, आपन दाबून देतो, समजत नाई." त्याच्या नकळत तो बातमीचा आवाज आपोआप लागला होता.

"म्हंजे हा सगळं वाचून राह्यला होता?"

"वाचलं... वाचलं असन थोडंबहुत."

"आन मी काढीन म्हनतो आता. तूच सांगतलं ना, ज्याचा फोन त्यानं काढावं." बाबूजींनी चष्मा वर केला आणि अंगठ्यानं जपून बटण दाबलं.

वीरेंद्रसमोरच्या स्क्रीनवर बाबूजींचं व्हॉट्सॲप सकाळपासून उघडंच राहिलं होतं. नावं एकदम नाहीशी झाली आणि फोन नव्यानं जोडायचा तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला. काउंटरच्या पलीकडून बाबूजींना स्क्रीन दिसत नव्हती. त्यांना फक्त मुलाचं तोंड दिसत होतं.

"तुले काय झालं? गेला ना तो?"

"गेला."

बाबूजी स्टुलावर बसले. "परका होता, एवढं बरं झालं. बाहेरच्यानं वाचलं तं वाचलं, तो कुठं मले ओळखते. घरच्या कोनी वाचलं असतं, तं या घरात मी घास कसा गिळला असता?"

वीरेंद्रनं त्यांना चहा मागवला. लाज म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. समोरचा माणूस प्रेमानं 'साखर कमी सांग बरं' म्हणतो तेही ऐकवत नाही.

त्यानंतर त्यानं बातमी बोलणं बंद केलं. मोबाईल तोंडाजवळ नेला की शब्द फुटेना. ग्रुपवर लोक विचारायला लागले, तेव्हा घसा बसलाय म्हणून लिहून टाकलं. हे बाबूजींनी वाचलं आणि रोज सकाळी मिठाचं कोमट पाणी करून आणायला लागले. स्वतः उभं राहून गुळण्या करायला लावायचे. धडधाकट घसा घेऊन वीरेंद्र अंगणात उभा राहून गुळण्या करायचा, आणि बाबूजी म्हणायचे, आवाज जप, देवानं दिलेली वस्तू आहे. त्याला वाटायचं, यांनी एक थोबाडीत मारावी, मग बरं वाटेल. पण सांगितल्याशिवाय थोबाडीत तरी कोण मारणार.

बाबूजी स्वतःही वाळत चालले होते. मोबाईल टेबलावर उलटा पडून असायचा. रविवारी सकाळी प्रणाली देवळात गेली होती, तेव्हा ते बैठकीत वीरेंद्रच्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

"तुले एक गोष्ट सांगायची हाय. हसशील नको."

"नाई हसत."

"पांढुर्ण्याले एक बाई हायेत. करुणा नाव. शाळेत होत्या."

"हो का?" वीरेंद्र म्हणाला.

"आमचं बोलनं होते मोबाईलवर. वाईट काई नाई. औषध घेतलं का, जेवले का, असंच. एकडाव जामसांवलीले भेटू म्हनलं होतं, पन जमलं नाई."

"असं का."

आपल्याला पाठ असलेली गोष्ट बाप अडखळत, लाजत सांगतोय, आणि आपण पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड करून बसलोय. वीरेंद्रला स्वतःची किळस आली. तरी त्याचं मान हलवणं चालूच होतं.

"कोनीतरी वाचलं हे म्या त्यायले परवा सांगतलं, आधी धीर नव्हता होत. सांगाच लागते ना. तं त्या लय घाबरल्या. त्यायनं मले आपल्या घरचं, सुनेचं, बरंच मनातलं लिहिलं होतं. तो मानूस आता गावभर करन, म्हनते. दोन दिवसांपासून जेवल्या नाई. मले म्हनते, यापुढं मेसेज करू नका, आन पोलिसात अर्ज द्या." बाबूजींनी खिशातून पेन काढून पुढे केलं. "तू लिहून दे. तुले या गोष्टीतलं समजते."

वीरेंद्रनं पेन घेतलं. कागदही घेतला. वर तारीख टाकली. मग हात थांबला.

"अर्ज नका देऊ बाबूजी."

"काऊन?"

"तो कॉम्प्युटर दुकानातला होय."

बाबूजींना ते उमगलंच नाही. "आपल्या दुकानातला? मंग कोन बसते तिथं तुह्यामागं? कोनाले बसू देतं तू?"

"कोनी नाई बसत. मीच बसतो."

बाबूजी त्याच्याकडे बघत राहिले. मुलगा सोडून आणखी कोणाचं नाव आठवतं का, हे ते अजूनही शोधत होते. मग ते नजरेतलं शोधणं थांबलं.

"जामसांवली?" त्यांनी एवढंच विचारलं.

वीरेंद्रनं मान खाली घातली. "माफ करा बाबूजी," तो म्हणाला, पण ते इतकं हळू, की त्याचं त्यालाही नीट ऐकू आलं नाही.

बाबूजींनी शिवी दिली नाही. हात उचलला नाही. त्यांनी अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली, परक्यासमोर उघडं बसल्यासारखं, आणि टेबलावरचा मोबाईल उचलून करुणाताईंचं नाव उघडलं. तो वीरेंद्रच्या हातात दिला.

"तिले सांग."

"मी?"

"मंग मी सांगू? माह्या पोरानं वाचलं, हे मी माह्या तोंडानं सांगू? ती दोन दिवसांपासून उपाशी हाय. सांग."

ज्या माणसाचा आवाज रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंत लोक ओळखत होते, त्यानं आवाज भरायचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं आणि आधी आपलं नाव सांगितलं. "काकू, मी वीरेंद्र," एवढं बोलून अंगठा निसटला आणि तेवढंच गेलं. त्यानं पुन्हा धरलं. "तुमचे मेसेज बाहेर कोनी वाचले नाई. मी वाचले. सगळे. बाबूजींले माहीत नव्हतं. कुठंच जानार नाई ते. तुम्ही जेवून घ्या. त्या शनिवारी मी मुद्दामच आलो होतो." पाठवून दिलं.

दोघं मोबाईलकडे बघत बसले. दोन निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ काही आलं नाही. मग करुणाताईंचा आवाजातला मेसेज आला, चांगला लांबलचक. सवयीनं वीरेंद्रचा अंगठा त्यावर गेला.

बाबूजींनी मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला. ते आपल्या खोलीत गेले. दार लागलं, मग आतून कडी लागली.

वीरेंद्र जागचा हलला नाही. दाराआड बाईंचा आवाज सुरू झाला, बारीक, थकलेला. पहिले दोन शब्द त्याला ऐकू आले. मग तो आवाज मधेच थांबला, आणि डिसेंबरच्या त्या गारठ्यात बाबूजींनी आतला पंखा सुरू केला, होता नव्हता तेवढा जोरात.