मातीवरचा हात

रेफरीची गाडी वरोऱ्याजवळ बंद पडली, आणि चंद्रपूरच्या मैदानावर आयोजक सामना पुढे ढकलायच्या गोष्टी करू लागले. माझं डोकंच फिरलं. माझ्या संघातल्या मुली हेमलकशाकडून आदल्या दिवशी एसटीनं निघालेल्या, त्यांना पुन्हा कोण आणणार होतं?

"रग्बीत आधी रेफरी नव्हताच," मी सुनावलं. "वाद झाला की दोन्ही कप्तान आपसात मिटवायचे. तसंच खेळू."

जुने नियम मला पाठ आहेत आणि त्याची मला जरा मिजासही आहे. मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की पूर्वी गोलरेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला तर एकही गुण मिळत नसे. त्यातून फक्त खांबांकडे किक मारून बघायची संधी मिळायची, म्हणून त्याला ट्राय म्हणतात. आता त्या टेकवण्यालाच पाच गुण आहेत.

"म्हंजे आता कुठी मातीले किंमत आली, सर," बुधरी म्हणाली होती. ती माझी कप्तान. तिच्या गावात भांडण झालं की बोलणारा जमिनीवर तळहात ठेवून बोलतो. तसा हात ठेवून सांगितलेलं कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

हा तिचा शेवटचा सामना ठरू शकत होता. पुढच्या महिन्यात तिला अठरा पूर्ण होत होती, म्हणजे वयोगटातून बाद. जिंकलो तर पंधरा दिवसांनी पुण्याला राज्य स्पर्धा, नाहीतर चार वर्षांचा खेळ तिथंच संपणार होता.

शेवटचं मिनिट. आम्ही दोन गुणांनी मागे. बुधरी कडेनं सुटली आणि तिघींना अंगावर घेत रेषेपलीकडे पडली. मी त्याच कोपऱ्यावर उभा होतो. बॉल जमिनीला लागायच्या आधी तिच्या हातातून सुटला. वीतभर अंतर असेल, पण मला स्वच्छ दिसलं.

चंद्रपूरची कप्तान महेक मागून धावत आली. "मैंने नाई देखा," ती धापा टाकत म्हणाली. "तू सांग. तू बोलशील ते मान्य."

बुधरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हण.

ती खाली बसली, मातीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "नाई टेकला. सुटला होता."

आम्ही हरलो. मला तिचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी मैदानाबाहेरच्या कडुनिंबाखाली आम्ही गाडीची वाट पाहत बसलो होतो. बाकीच्या मुली मुरमुरे खात होत्या. मी हात मागे टेकून बसलेलो. बुधरी शेजारी येऊन बसली. डोळे रडून सुजले होते.

"सर, तुमी मान हलवली ना, तवा तुमाले बॉल सुटलेला दिसला होता का?"

माझा तळहात मातीवर होता. मी तो उचलला, पँटला पुसला.

"नाही गं. मला वाटलं, टेकला."

ती माझ्या हाताकडे पाहत राहिली.

"बरं, सर," ती म्हणाली. नंतर तिनं मला पुन्हा कधीच विचारलं नाही.