काचेवरचा चिखल

भिंगोबाला मळकी काच बघवत नसे. उभं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलेलं. समोरच्या माणसाचं नाव तो विसरेल, पण त्याच्या भिंगावरचा बोटाचा ठसा काही विसरणार नाही. अनोळखी माणसाचाही चष्मा "जरा बघू" म्हणत काढून घ्यायचा, सदऱ्याच्या टोकाने गोल गोल पुसायचा आणि परत त्याच्या नाकावर बसवून द्यायचा. त्यावरून हे नाव पडलं, आणि सख्खी थोरली बहीणसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागली. बायको गेल्यावर दुकान विकून तो या बहिणीकडे, ताईकडे, वर राहायला आला.

वर म्हणजे फारच वर. हवा इतकी कोरडी की दोरीवर घातलेला सदरा चहा होईपर्यंत पुठ्ठ्यासारखा कडक व्हायचा. उन्हात उभं राहिलं की चटका आणि सावलीत सरकलं की हुडहुडी. ऐन उन्हाळ्यातही एखाद्या पहाटे अंगणातल्या बादलीवर बर्फाची साय धरलेली असे. पाऊस यायचा, पण घाईत असलेल्या पाहुण्यासारखा, पाणीही न पिता जायचा. अशा जागी कुणी शहाणा माणूस टोमॅटो लावत नाही. ताई लावायची, कारण ताईला कुणी "इथे हे होत नाही" म्हटलं की झालंच.

मागच्या भिंतीला लागून तिने फळ्या ठोकून वाफा केला होता. मोडक्या घराच्या खिडकीचं तावदान त्यावर झाकण म्हणून बसवलं होतं. आत काळ्या रंगवलेल्या बाटल्या पाणी भरून उभ्या. दिवसभर त्या तापायच्या आणि रात्री रोपांना ऊब द्यायच्या. भांडी विसळलेलं पाणी गटारात टाकायची कुणाची छाती नव्हती, ते वाफ्यातच जायचं. दरवर्षी ज्या झाडाचं फळ सगळ्यांत आधी लाल होईल त्याचंच बी ती धरायची. असं करत करत ते बी या थंडीला सरावलं होतं. बाजारातल्या पुडीवर असलं बी मिळत नाही. ते ताईनेच घडवलं होतं.

त्या वर्षी रोपांना पहिली फुलं लागली आणि त्याच आठवड्यात खाली शहरात तिच्या लेकीचे दिवस भरले. पहिलंच बाळंतपण. ताईचा एक पाय दारात, एक वाफ्यात.

"हे बघ भिंगोबा," तिने पिशवी खांद्याला लावता लावता सांगितलं, "सकाळी भिंतीवर ऊन आलं की झाकणाखाली वीट लावायची. संध्याकाळी झाकण बंद आणि वर जुनी रजई. सकाळी थोडा उशीर झाला तरी घाबरू नकोस. पण रजई विसरलास तर माझ्याशी गाठ आहे."

"अगं, लोकांचे डोळे सांभाळले मी. सहा रोपं सांभाळता येणार नाहीत?"

काचेवर फासलेल्या चिखलाबद्दल ती काही बोलली नाही. तिच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती. छत्री डोक्यावर धरायची असते, हे कुणी कुणाला सांगतं का?

पण भिंगोबाच्या डोळ्यांत तो चिखल पहिल्या दिवसापासून खुपत होता. एवढी मोठी काच आणि तिच्यावर मातकट पट्टेच पट्टे. त्याला वाटलं, वाऱ्याने धूळ उडाली असेल, बिचारीला वेळ मिळाला नसेल. भाचीला मुलगी झाल्याचा फोन आला त्या दुपारी तो इतका हरखला की काहीतरी करून दाखवल्याशिवाय त्याला राहवेना. त्याने कोमट पाणी घेतलं, मऊ फडकं घेतलं, आणि तावदान असं चमकवलं की त्यात त्याला आपल्या नाकातले केस दिसले. ताई आली की बघतच राहील, असं म्हणत तो खुशीत झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध आणायला गेला. दूधवाल्याच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालेला. आता भिंगोबापुढे ढिला स्क्रू म्हणजे मुलापुढे पतंग. पायरीवर बसून त्याने तो बसवला, मग दांडी सरळ केली, मग नाकावरची पट्टी. कुणीतरी चहा दिला, आणखी एक चष्मा पुढे आला. ऊन भिंतीवर आलेलं त्याला दिसत होतं. पण ताईच म्हणाली होती ना, थोडा उशीर चालेल.

तो परतला तेव्हा काच लखलखत होती. झाकण उचललं तर तोंडावर भट्टीची वाफ आली. रोपं मेणबत्तीसारखी वाकून मातीला टेकली होती. पानांचा रंग उडाला होता, आणि हात लावला तर ती कागदासारखी कुरकुरली. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला की तो चिखल धूळ नव्हता. इथलं ऊन गाळून घ्यायचा तो पडदा होता, आणि उशीर चालत होता तो त्या पडद्यामुळे. भिंगाखाली कागद धरून जाळायचा खेळ लहानपणी यानेच ताईला दाखवला होता.

त्याने बादल्या ओतल्या. पोतं ओलं करून सावली केली. देवाला म्हणावं ते सगळं म्हणाला. ताईचा फोन आला तेव्हा तिने बाळाच्या नाकाचं वर्णन केलं आणि शेवटी विचारलं, "माझी सहाजणं कशी आहेत?"

"मजेत," भिंगोबा म्हणाला. तोंडातून निघून गेलं, आणि निघून गेलेलं परत घ्यायला त्याची जीभ रेटेना.

संध्याकाळी रजई हातात घेऊन तो वाफ्याजवळ गेला. पाच रोपं गेलीच होती. पण कोपऱ्यातलं सहावं, बाटलीच्या सावलीत सापडलेलं, शेंड्याला हिरवं होतं. दुपारी मातीला टेकलेला तो शेंडा आता बोटभर वर उठला होता. त्याने वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शंकाच नको, जिवंत होतं.

आकाश निरभ्र होतं आणि वारा पडला होता. अशा रात्री दंव गोठतं हे एव्हाना त्यालाही कळत होतं. आणि तिथे उभ्या उभ्या त्याच्या मनात ती गोष्ट आली. होरपळलेली पाच आणि जगलेलं एक दिसलं, तर ताई विचारणार. सगळीच काळी पडली, तर कोण विचारणार? गोठलेल्या दंवापुढे कुणाचं काय चालतं? तो बराच वेळ रजई पोटाशी धरून उभा राहिला. मग ती घडी करून घरात घेऊन गेला.

सकाळची चूक त्याच्या हातून झाली होती. संध्याकाळची त्याने केली. दोन्हींतला फरक त्याला त्याच रात्री कळला होता, आणि तरीही तो उठला नाही. पांघरूण कानावर ओढून पडून राहिला.

पहाटे वाफ्यात काळा चोथा होता. सहावंही त्यातच. त्याने माती कालवून काचेला पुन्हा चिखल फासला, चांगला सुकू दिला, आणि ताईला फोन करून सांगितलं, "रात्री वाऱ्याने रजई उडाली गं. दंव गोठलं. सगळं गेलं."

ताई आली ती पिशवी न ठेवता थेट मागे गेली. काळ्या देठांकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"तू तरी काय करणार," ती म्हणाली. "चल, चहा टाकते."

रागावली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून भिंगोबाला घास गोड लागेना. ती त्याला पहिल्यासारखंच वाढायची, "सूप गार होतंय" म्हणायची, आणि प्रत्येक घासाला त्याला तो बोटभर उठलेला शेंडा दिसायचा. चष्मे पुसणं सुटलं. दूधवाला स्वतःहून चष्मा पुढे करी, तर हा दूध घेऊन चालू लागे. पुन्हा पेरायला हंगाम उरला नव्हता. इथला उन्हाळा बघता बघता संपतो. ताई रिकाम्या वाफ्यात भांड्यांचं पाणी मात्र नेमाने ओतत राहिली, माती मरू नये म्हणून.

मग भाचीचा फोन आला. तिला कामावर रुजू व्हायचं होतं आणि बाळाला ठेवायला कुणी नव्हतं. ताईने थोडे महिने येऊन राहावं, म्हणून ती रडकुंडीला आली होती. भिंगोबा शेजारीच बसला होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"नाही गं जमायचं," ताई म्हणाली. "घर सोडलं की काय होतं ते पाहिलंस ना? या थंडीचा भरवसा नाही."

"आई, टोमॅटोसाठी?"

"टोमॅटोसाठीच असं नाही," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. पदराने डोळे टिपले.

भिंगोबाला वाटलं, आपण वेळ मारून नेली ती या पोरीच्या आणि तिच्या तान्ह्या लेकीच्या जिवावर. "ताई," तो म्हणाला, "रोपं थंडीने नाही गेली. मी काच पुसली. वर उशीर केला. उन्हाने भाजली. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी खोटं बोललो."

ताईने मान वर केली नाही. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मी चिखल आडवा फासते, भिंगोबा. काचेवर आहे तो गोल गोल आहे, चष्मा पुसल्यासारखा." तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. काच पुसलीस त्याचं मला हसूच आलं होतं रे. पण ज्याला चूक सांगता येत नाही त्याच्यावर घर टाकून मी कशी जाऊ? उद्या चूल राहिली पेटती, तरी मला 'मजेत' म्हणून सांगशील."

छातीवरचा दगड उतरला असं म्हणावं, तर ताईने तिथेच पुढचा प्रश्न टाकला.

"एक सांग. उन्हाने भाजलेलं झाड असं काळं पडत नाही. म्हणजे रात्रीही ते उघडं राहिलं होतं ना? संध्याकाळी त्यातलं एखादं जगलेलं होतं का?"

"नव्हतं" म्हणणं किती सोपं होतं. ते कुणालाच कळलं नसतं, ताईलासुद्धा नाही. चिखलावर बोटं उमटली होती, पण या गोष्टीचा कुठेच माग नव्हता.

"होतं," भिंगोबा म्हणाला. "कोपऱ्यातलं. मान वर केली होती त्याने. मला दिसलं होतं. रजई माझ्या हातात होती."

आता मात्र ताई रडली. कोपऱ्यातल्या झाडाचंच फळ दरवर्षी आधी पिकायचं. बी त्याचंच धरायची ती. भिंगोबा समोर बसून राहिला. समजूत घालायचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्याला कळत होतं. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं, फोन उचलला आणि लेकीला सांगितलं, "येते. उद्याच निघते."

निघताना तिने फडताळातून गेल्या वर्षीच्या बियांची डबी काढली. चिमूटभरच बी उरलं होतं. एरवी ही डबी घराबाहेर जात नसे. भिंगोबाच्या देखत तिने ती पिशवीत तळाशी ठेवली, आणि त्यावर बाळाचे कपडे रचले.

दारात ती थांबली. "सकाळी ऊन आलं की वीट लावायची. संध्याकाळी झाकण बंद, वर रजई."

"ताई, वाफ्यात काही नाहीये."

"नसू दे," ती म्हणाली. "मी विचारीन तेव्हा जे असेल ते सांगायचं."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर ऊन आलं तेव्हा भिंगोबा वाफ्याजवळ उभाच होता. त्याने झाकण उचललं, वीट लावली, आणि रिकाम्या मातीवर भांड्यांचं पाणी ओतलं. त्या दिवशी ताईचा फोन आला तो दुपारी.

"झाकण उघडलंस?"

"उघडलं."

"वेळेवर?"

"वेळेवर," तो म्हणाला, आणि लगेच पुढे, "पण काल रात्री रजई घालायला विसरलो होतो."

पलीकडे बाळ रडत होतं.

"बरं," ती म्हणाली. "आज घाल."