अर्धं काळं इंजिन

दिवसभर चष्म्याच्या दुकानात तो लोकांच्या काचांवरचे डाग पुसायचा आणि संध्याकाळी घरी येऊन चांगल्या चकचकीत छोट्या आगगाड्यांवर डाग पाडायचा. त्यांना खेळणी म्हटलेलं त्याला खपत नसे. काजळी, गंज, तेलाचे ओघळ असं सगळं तो इतकं हुबेहूब रंगवायचा, की आगगाड्यांचे नमुने करणाऱ्यांच्या मंडळात त्याचं नावच पडलं होतं काजळ्या.

मंडळाच्या प्रदर्शनात आजवर त्याच्या वाट्याला मालडबेच आले होते, तेही मागे कोपऱ्यात उभे राहणारे. यंदा कोळशाच्या खाणीचा देखावा तयार झाला आणि ऐन वेळी मंडळाच्या इंजिनाची मोटर जळाली. त्या रुळांवर चालेल असं दुसरं वाफेचं इंजिन होतं फक्त दाजींकडे, म्हणजे काजळ्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे. दाजी ते डोळ्यांत तेल घालून जपत. त्याच्या दिशेनं कुणी शिंकलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे.

"चालवायला ने," दाजी म्हणाले, "पण रंगवायचं नाव काढू नकोस."

"दाजी, कोळशाच्या खाणीत असलं चकचकीत इंजिन म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"काही नाही," काजळ्या पुटपुटला.

"बोल की रे! मूग गिळून काय बसतोस?" ताई आतून ओरडली. "अहो, द्या त्याला. कपाटात बसून ते काय अंडी घालणार आहे?"

बऱ्याच घासाघिशीनंतर दाजी एका बाजूपुरते कबूल झाले. "लोकांकडे असेल ती बाजू कर काळी. दुसरीला बोट लावलंस तर बघ!"

काजळ्यानं शब्द दिला.

मग तो कामाला लागला. पातळ काळा रंग लावून त्यानं तो वरून खाली पुसून घेतला, म्हणजे खिळ्यांच्या डोक्यांभोवती तेवढाच उरला. धुराड्यापाशी कोळशाची पूड मऊ ब्रशनं बसवली. सगळ्यात अवघड तेल. खरं तेल वापरावं तर चाकं घसरतात. म्हणून चकाकणाऱ्या वार्निशमध्ये तपकिरी रंग कालवून तो काडीच्या टोकानं चाकं जोडणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांवर थेंब ठेवू लागला. एक थेंब ठेवला की वाटे, फार झालं. पुसला की वाटे, छे, उगाच पुसला.

रुळांवरचा सराव नुसते डबे हातानं ढकलून झाला होता. इंजिन आलं ते रंग वाळवून थेट प्रदर्शनाच्या सकाळी.

पुढच्या रुळावरून ते खडखडत निघालं आणि लोक वाकून वाकून बघू लागले.

"हात नको लावूस हं, तेल लागेल," एक बाई मुलीला म्हणाली. काजळ्या कानापर्यंत लाल झाला.

इंजिन डोंगराच्या बोगद्यात शिरलं, आत वळलं आणि मागच्या रुळावर बाहेर पडलं. लख्ख! जणू आत्ताच अंघोळ करून आलं होतं.

"आत न्हाणीघर आहे वाटतं!" कुणीतरी म्हणालं आणि सगळा हॉल हसला.

रूळ गोल होते. पुढून जाताना इंजिनाची बाहेरची बाजू दिसायची, मागून जाताना आतली. एवढी साधी गोष्ट ना काजळ्याच्या डोक्यात आली, ना दाजींच्या, ना मंडळातल्या कुणाच्या. दर फेरीला इंजिन काळं आत जाई, गोरं बाहेर येई, आणि हशा वाढत जाई.

दुपारच्या सुट्टीत मंडळाचे अध्यक्ष धावत आले. "दाजी चहाला गेलेत. रंग आहे ना पिशवीत? उरक पटकन!"

रंग होते. वेळही होता. पहिल्यांदाच इंजिन हाती आलं होतं आणि त्याला लोक हसत होते. काजळ्यानं पिशवीची चेन उघडली, आणि परत लावली.

"नाही. शब्द दिलाय."

"अरे, हसं होतंय आपलं!"

"तुमचं नाही, माझं होतंय. होऊ दे."

"आण इकडे ते," मागून आवाज आला. दाजी उभे होते. हातातल्या चहावर साय धरली होती.

त्यांनी इंजिन उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि काळी बाजू पहिल्यांदा नीट पाहिली. मग दुसरी. मग परत काळी.

"ही बाजू लांबून माल ओढत आल्यासारखी वाटते रे," ते म्हणाले. "आणि ही आपली कपाटातून आल्यासारखी." त्यांनी खुर्ची ओढली. "कर. पण धरणार मी."

पहिला ब्रश टेकला तेव्हा दाजींनी डोळे गच्च मिटले. दुसऱ्याला एक डोळा उघडला. धुराड्याची काजळी होईस्तोवर ते सूचनाही देऊ लागले.

"त्या सांध्यापाशी कंजूषपणा केलास."

"जास्त होईल, दाजी."

"होऊ दे! एवढा माल ओढायचा म्हणजे गळणारच ते." आणि त्यांनी काजळ्याच्या हातातली काडी काढून घेतली.

तेवढ्यात ताई डबा घेऊन आली. "अहो, बाही बघा तुमची! पार काळी झाली!"

"थांब गं, हात हलेल," दाजी मान वर न करता म्हणाले.

तो थेंब काजळ्याला जरा मोठाच वाटत होता. पण त्यानं ब्रश धुतला आणि पुढचा रंग कालवायला घेतला.