पाय ठेवू नका, पूर्णविराम

रविवारी बाबा गेल्यानंतरचा, आमच्या बौद्ध रितीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बोलणाऱ्यांच्या यादीत मी पहिलं नाव धोंडूकाकांचं लिहिलं. माझ्या धाकट्या भावाने, विशालने, ते खोडलं.

"ताई, तो माणूस आला तर मी कार्यक्रम सोडून गेटवर जाऊन उभा राहीन."

बाबा आणि दुसऱ्या मजल्यावरचे धोंडूकाका भांडुपच्या एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधक होते. एक मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रुफावर खुणा करायचा. मतं दोन टोकांची. निवृत्तीनंतर मुलुंडच्या आमच्या घरात वाद पेटला, की दोघं पेपर बदलायचे. काकांच्या पेपरचा अग्रलेख बाबा मोठ्याने, चिन्हांसकट वाचायचे, बाबांच्या पेपरचा काका. स्वल्पविराम उच्चारताना ओरडता येत नाही, असं बाबा म्हणायचे.

निवडणुकीआधी काकांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर आरक्षणाविरुद्धचा एक मेसेज फॉरवर्ड केला. विशालने उत्तर दिलं. त्यानंतर काका आले नाहीत. बाबांच्या आजारपणातही नाहीत. बाबा रोज विचारायचे, "धोंडू आला का?" मी रोज खोटंच सांगायचे, गावाला गेलेत.

शनिवारी संध्याकाळी मी काकांना दारापर्यंत आणलं. ते उंबऱ्याबाहेरच थांबले, चपला पायात ठेवून. विशाल खुर्चीतून उठला. ग्रुपवरचे ते दोन मेसेज उघडून मी मोबाइल पुढे केला.

"बाबांसारखं वाचा. एकमेकांचं. चिन्हांसकट."

"येडी झालीस का?" विशाल म्हणाला, पण मोबाइल घेतला. "गुणवत्तेचा बळी देऊन, स्वल्पविराम, हे फुकटे..." तो थांबला. "हे फुकटे आपल्या डोक्यावर बसलेत, पूर्णविराम."

"असं होतं त्यात?" काकांनी विचारलं. "मी वरच्या दोन ओळी वाचल्या नि पुढे ढकलला."

"जन्मभर प्रुफं वाचलीत ना तुम्ही?"

काकांनी खिशातला चष्मा चाचपला. "आरक्षणाबद्दल माझं मत तेच आहे रे. रतनला, तुझ्या बाबाला, ते ठाऊक होतं. पण हा शब्द त्याच्यासमोर माझ्या तोंडून आला नसता."

"मत तेच आहे म्हणे." विशालचा आवाज चढला. संपलं, असं मला वाटलं. मी घाईने मोबाइल काकांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. "म्हातारचळ लागलाय तुम्हाला, स्वल्पविराम, पुन्हा आमच्या घरी पाय ठेवू नका, पूर्णविराम." मग चष्मा काढला. "उद्गारचिन्ह असतं तर आलो असतो. पोरगं रागात लिहून गेलं, म्हटलं असतं. पण पूर्णविराम होता. विचार करून दिलेला."

विशालने मोबाइल परत घेतला.

"काका, दोनदा स्पेस दाबली की तो आपोआप पडतो."

"आपोआप?"

विशालने दाबून दाखवलं. बघायला काका वाकले, तेव्हा त्यांचा एक पाय आत पडला.

"उद्या बोलायला पाच मिनिटं," विशाल त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "आणि मेसेजचं आपलं नंतर. मी सोडणार नाहीये."

"सोडू नकोस," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "रतन काही म्हणाला होता का गं, माझ्याबद्दल?"

मी पाणी आणायला आत गेले. काय सांगावं, ते तांब्या भरून वाहू लागला तरी ठरेना.