मनोरा तेवढा वाचला

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. चंद्रपूरच्या परकोटावर, म्हणजे शहराच्या जुन्या तटावर चढून एका हौशी मास्तरानं मला टिपलं, चार प्रती काढल्या आणि ओळखीपाळखीत वाटून टाकल्या. माझ्या मधोमध चर्चचा टोकदार मनोरा आहे. त्याच्या पायथ्याशी नखाएवढं कौलारू घर होतं, ते कमलाबाईंच्या वडिलांचं.

त्याच घरात, कमलाबाईंच्या भिंतीवर माझी चाळीस वर्षं गेली. पाहुणे मनोऱ्याचं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचो. खालच्या घराकडे कोणी पाहत नसे. खरं सांगतो, मीही नाही.

कमलाबाईंचं मात्र तसं नव्हतं. त्या बुद्धवंदना म्हणणाऱ्या, मनोरा काही त्यांच्या धर्माचा नव्हे. पण लहानपणी बाजारात चुकल्या, की त्याच्याकडे बघत घरी यायच्या. मनोरा दिसला म्हणजे घर आलं, एवढंच त्यांना ठाऊक.

मग नोटीस आली. वस्ती नवी आहे, जागा खाली करा. जुने कागद वाळवीनं कधीच फस्त केले होते. घर जुनं असल्याचा पुरावा म्हणून उरलो मी एकटा.

सुनावणीच्या दिवशी त्यांनी मला चौकटीतून काढलं आणि घर नीट दिसावं म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं. नंतर कचेरीसमोरच्या दुकानात लॅमिनेशनला दिलं. महत्त्वाचा कागद म्हटला की लॅमिनेशन हवंच ना! सून नूतन म्हणाली, "आई, थोडा वाळू द्या ना."

"साहेब उठून जाईन. टाक लवकर."

गरम मशीनमध्ये माझा ओला भाग वितळला. बाहेर आलो तेव्हा मनोरा होता तसाच होता आणि खाली काळा डाग.

साहेब म्हणाले, "मनोरा छान आहे. घर कुठंय?"

कमलाबाईंनी डागावर बोट ठेवलं. "इथी हाय साहेब. इथीच हाय. पाहा ना नीट."

साहेबांनी मला उलटं करून पाहिलं. माझी पाठ कोरी होती. 'कमलाचं घर' एवढं जरी कुणी लिहून ठेवलं असतं! साहेबांनी मला परत दिलं.

आता मी कमलाबाईंच्या मांडीवर आहे. त्यांचं बोट त्या डागावरून हलत नाही. मित्रांनो, मला फार भीती वाटते. माझ्या तीन प्रती अजून कुठंतरी आहेत. तुमच्या घरी, पेटीत, जुन्या पुस्तकात शोधा. सापडली तर पुसू नका, लॅमिनेशन करू नका. आहे तशीच घेऊन या, पण लवकर या. सोमवारी बुलडोझर येणार आहे.