पहिला विमा कुणाचा

राहात्याच्या बाहेर, कालव्याच्या चारीच्या कडेला कानिफनाथ सदाफळची दोन एकर पेरूची बाग आहे. गेल्या डिसेंबरात तोड ऐन भरात असताना त्याच्या घरात नवराबायकोचं एक भांडण आठवडाभर चाललं होतं. भांडण विम्यावरून होतं.

सुरुवात झाली वाल्मिकपासून. वाल्मिक शेजारच्या बागेचा मालक, कानिफनाथचा शाळेपासूनचा मित्र. दिवाळीनंतर एका सकाळी तो मोटर चालू करायला गेला आणि विहिरीपाशीच कोसळला. उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर कानिफनाथ आणि त्याची बायको ज्ञानेश्वरी त्याला बघायला गेले. वाल्मिक उशीला टेकून बसला होता. जीभ जड झाली होती, पण स्वभाव तोच.

"विमा हुता की माझा," तो म्हणाला. "चांगला मोठा. पन त्यात मरावं लागतं. मी मेलोच न्हाई."

तो हसला. त्याची बायको मात्र हसली नाही. ती त्याचा हात चोळत बसली होती, आणि बाहेर तिच्या बागेतले पेरू झाडाखाली पडून पक्ष्यांना चालले होते.

 घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधीच ज्ञानेश्वरी म्हणाली, "ज्योतीताईंना बोलवा. आपन बी विमा काढू."

ज्योती कानिफनाथची मावसबहीण. कोपरगावला राहते आणि बारा वर्षं विम्याचं काम करते. रविवारी ती आली, अंगणात क्रेटवरच बसली आणि समजावून सांगायला लागली.

"हे बघा, जीवन विमा म्हणजे माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना पैसे. आणि गंभीर आजाराचा विमा म्हणजे कॅन्सर, हार्ट अटॅक, लकवा, असं यादीतलं काही निघालं, तर माणूस जिवंत असतानाच एकरकमी पैसे. मग त्यातून औषध आणा, बागेला गडी लावा, नाहीतर वर्षभर बसून खा. दादा, तुला कुठला काढायचा?"

"जीवन विमा," कानिफनाथ म्हणाला.

"आजाराचा," ज्ञानेश्वरी त्याच क्षणी म्हणाली.

कानिफनाथ अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याचे वडील ट्रॅक्टर उलटून गेले होते. त्याची आई बनुबाई मग दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. शाळेतून येताना तो तिला परक्याच्या बांधावर पाहायचा. "माझ्या माघारी हिच्यावर ती येळ नको," तो म्हणाला. "बास."

"माघारीचं पैसं घिऊन मी काय करू?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "तुमी अंथरुनाला खिळला, तर तुमाला उटवायला पैसं लागतील. मला तुमी पायजेत."

"सकाळच्या पारी मरनाच्या गोष्टी!" बनुबाई गवताची पेंढी उचलून गोठ्याकडे निघून गेली.

दोन्ही विमे एकदम काढणं यंदा झेपण्यासारखं नव्हतं. ठिबकच्या नळ्या नुकत्याच बदलल्या होत्या. ज्योती फॉर्म ठेवून गेली, आणि ते फॉर्म आठवडाभर फडताळात तसेच पडून राहिले. दोघंही हट्टी. गंमत म्हणजे दोघांनाही एकमेकांचा राग येत नव्हता. जेवताना ती म्हणायची, "वाल्मिकभाऊंचं बघितलंत ना?" तो म्हणायचा, "आन् माझ्या आईचं?" मग दोघं भाकरीकडे वळायचे.

त्यातच राजूरहून ज्ञानेश्वरीच्या भावाचा फोन आला. मुलीचं बारसं होतं. तोडीच्या दिवसांत ती माहेरी कधी जात नसे, पण कानिफनाथच म्हणाला, "जा, चार दिवस मी बघतो."

पहिल्याच दिवशी सहा वाजता तोडीच्या बायका आल्या आणि विचारू लागल्या, "दादा, कुटल्या वळीपासून धरायचं?" फवारणी आणि वाहतूक त्याची, फळ कुठलं तयार झालं ते बघणं कायम तिचं. त्याने आपलं कुठल्यातरी ओळीकडे बोट दाखवलं. दुपारी क्रेट उघडून बघितले तर निम्मे पेरू कच्चे. तेवढ्यात नाशिकच्या व्यापाऱ्याचा फोन.

"ताईंना द्या."

"मी मालक बोलतोय."

"हो मालक, नमस्कार. पण ताईंना द्या ना."

संध्याकाळी गाईने पान्हा चोरला आणि वर बादलीला लाथ घातली. रात्री बनुबाईच्या बीपीची गोळी सापडेना. कोणती, किती वाजता, तिला स्वतःलाही सांगता येईना. "ती हातावर ठिवती, मी गिळती," म्हणाली. "मला काय ठावं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी कानिफनाथने झाडाखाली बसून ज्योतीला फोन लावला.

"ज्योती, त्यो आजाराचा विमा बाईमानसाचा निघतो का?"

"निघतो की. मी त्या दिवशी तेच सांगणार होते. पण तुम्ही दोघं मला बोलू देत होता कुठं?"

"न्हाई, ही म्हैनाभर पडली तर बागच बसंल माझी."  मग तो हळू आवाजात म्हणाला, "बागेचं जाऊ दे. तिला काय झालं, तर तिला उटवायला माझ्याकडं काय हाय?"

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे शब्द आपले नाहीत. ते ज्ञानेश्वरीचे होते.

तिकडे राजूरला बारसं झालं, आणि दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी भावजयीबरोबर दळण घेऊन गिरणीत गेली. गिरणी साळूबाईची. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा सहादेव घाटात जीप उलटून गेला. विम्याचे पैसे आले, त्यातून तिने ही गिरणी टाकली. ज्ञानेश्वरीने भीत भीत तिला विचारलं, "त्या पैशाला हात लावताना कसं वाटलं?"

साळूबाईने पिठाचे हात पदराला पुसले. "पैला दिस लई वाईट गेला. पैशानं मानूस थोडाच येतो? पन कुनापुढं हात पसरावा लागला न्हाई. आता पट्टा फिराया लागला, की वाटतं, त्योच कमवून आनतोय."

चौथ्या दिवशी कानिफनाथ ज्ञानेश्वरीला आणायला स्टँडवर गेला. ती राजूरचे पेढे आणि पिशव्या सावरत बसमधून उतरली. मोटारसायकलवर बसायच्या आधी दोघंही एकदमच बोलले.

"तुझं बरोबर हुतं," तो म्हणाला.

"तुमचंच खरं," ती म्हणाली.

मग दोघं स्टँडच्या मधोमध उभे राहून हसायला लागले. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तरी बाजूला व्हायचं त्यांना सुचेना.

घरी येताना त्याने आजाराचा विमा तिच्या नावाने काढायचं सुचवलं. ज्योती पुन्हा आली. तिने हिशेब सांगितला नाही, फक्त एवढंच म्हणाली की एकट्या दादाचे दोन्ही विमे काढण्यापेक्षा दादाचा जीवन विमा आणि वहिनीचा आजाराचा विमा कमी हप्त्यात, यंदा झेपेल असा बसतो, कारण वहिनी सात वर्षांनी लहान आहे. मग कानिफनाथचा फॉर्म भरायला घेतला.

"तंबाखू?"

"लिही न्हाई."

ज्ञानेश्वरीने मान वर केली. ज्योतीने पेन खाली ठेवलं. "दादा, रोज खातोस ते मला माहीत आहे. इथं खोटं लिहिलं, तर पुढं वहिनी पैसे मागायला गेली की हाच कागद तिच्यापुढं धरतील. हप्ता थोडा वाढेल. वाढू दे."

कानिफनाथने ज्ञानेश्वरीकडे बघितलं. मग म्हणाला, "लिही. धा वर्सं खातोय म्हनून लिही. न्हाई, पंधरा."

"सोडलीस की पुढं तुझाही आजाराचा काढू," ज्योती म्हणाली. त्याने मान डोलावली. वचन दिलं नाही, पण त्या महिन्यापासून तंबाखूच्या पुड्या निम्म्यावर आल्या.

महिनाअखेरीला दोन्ही पॉलिसी आल्या. त्याच्या पॉलिसीत वारस म्हणून तिचं नाव होतं, तिच्या पॉलिसीत त्याचं. पण दोघांना आठवते ती विम्याआधीच्या तपासणीची सकाळ. रक्त द्यायचं म्हणून उपाशीपोटी शिर्डीच्या लॅबमध्ये गेले. लॅबवाल्या मुलीने सुई टोचताना कानिफनाथने डोळे मिटून घेतले, आणि ज्ञानेश्वरी त्याला म्हणाली, "फवारनीचा पंप पाटीवर घिऊन फिरता, आन् सुईला भेता व्हय?"

बाहेर आल्यावर दोघांना सडकून भूक लागली होती. समोरच्या हॉटेलात त्यांनी दोन मिसळ मागवल्या. त्या दिवशी तोड नव्हती, कुणाचा फोन येत नव्हता. असं सकाळी, कुठलं काम नसताना, समोरासमोर बसून खाल्ल्याला किती वर्षं झाली, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तिने रस्सा जास्तीचा मागितला. त्याने आपल्या ताटलीतलं लिंबू तिच्या मिसळीवर पिळलं आणि पोऱ्याला हाक मारून आणखी पाव सांगितले.