बहिणीचा पेला

चहाच्या मळ्यांच्या त्या डोंगरधारेवर कोणाच्या घरी काय शिजतं आणि कोण काय झाकतं, हे वांगेचीला कोणाला न विचारताच कळायचं. चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायकांनी मिळून बालवाडी काढली होती. सगळ्याजणी पानं खुडायला गेल्या की पोरं वांगेचीच्या हवाली. प्रत्येकीनं आंबिलीसाठी मापभर पीठ द्यायचं आणि पोराबरोबर एक पत्र्याचा पेला. गथोनी माप आखडतं द्यायची आणि सल्ले मात्र शिगोशीग. वांगेची दोन्ही ठेवून घेई. विसरत काही नसे.

पोरं आकड्यांत तयार होत होती, हे मात्र गथोनीलाही कबूल होतं. सकाळी पेले ओळीनं मांडायचे आणि मोजायचे. एका पोराला एक पेला, कमी नाही, जास्त नाही. घरी घेवडा सोलताना आया दाणे मोजवून घेत. बापसुद्धा शेळ्यांना दोर बांधताना विचारू लागले होते, "आता किती दोर उरले रे?"

पोरांची डोकी तेवढी कोणी मोजत नसे. "पेले मोज, दाणे मोज," वांगेचीची सासू सांगे. सगळी पोरं तिला शोशो, म्हणजे आजी, म्हणत. "मोजलेलं लेकरू भलत्याच्या कानी पडतं, पोरी." आणि माणसं मोजताना नवानंतरचा आकडा आलाच, तर जुन्या बायका दहा म्हणत नसत, 'भरले नऊ' म्हणत आणि गप्प बसत.

एके दिवशी दोघीतिघी पेले द्यायला विसरल्या. आंबील निवत चालली होती. वांगेची वैतागून म्हणाली, "उभे राहा ओळीत. आपापला आकडा सांगा."

पोरं खिदळत सांगत गेली. वमाइथा, तिची स्वतःची लेक, शेवटची. "नऊ!"

आणि वमाइथाच्या पलीकडून, जिथं पत्र्याची भिंत आणि भिंतीबाहेर चहाची झुडपं एवढंच होतं, एक बारीक आवाज म्हणाला, "भरले नऊ."

पोरं हसली. वांगेचीच्या हातातली पळी तशीच राहिली. तिनं पोरांना 'दहा' म्हणायलाच शिकवलं होतं, 'भरले नऊ' नव्हे.

त्या दिवसापासून वमाइथा आंबील पिईना. पेला घ्यायची, भिंतीशी नेऊन ठेवायची आणि शेजारी बसायची. घरीही घास पुढ्यातून बाजूला सरकवायची. गळ्याची हाडं दिसू लागली. दवाखान्यात नर्सनं तपासलं, औषध दिलं, काहीही निघालं नाही.

"अगं, पी ना!" वांगेची ओरडली.

"तिला पेला नाही," वमाइथा म्हणाली. "एकाला एक, तूच म्हणतेस."

"कोणाला?"

"तिला नाव नाही. ती म्हणते, तिचं नाव मी घेतलं."

पहिली मुलगी झाली की तिला बापाच्या आईचं नाव, ही रीत. वमाइथाला शोशोचंच नाव होतं. पण वमाइथा पहिली नव्हती. पहिली श्वासही न घेता गेली होती, आणि तिच्यासाठी राखलेलं नाव दुसरीला दिलं होतं. ह्या हिशेबात वांगेचीनं तिला कधी धरलंच नव्हतं.

शोशोनं चूल फुंकता फुंकता ऐकून घेतलं. "'भरले नऊ' म्हणाली? तिकडच्या म्हाताऱ्यांनी नीट शिकवलंय मग."

"आई, थट्टा करू नका. माझी ही पण जाईल."

"तूच पोरांना शिकवतेस ना? मग तुझा पहिला धडा तूच पाळ."

सकाळी वांगेची दोन पेले घेऊन गेली. आया पोरं सोडायला आलेल्या. गथोनीची नजर पेल्यांवर गेलीच.

"वमाइथाच्या आई, लेक आता दोन्ही हातांनी पिते वाटतं? आमच्या पिठावर?"

"एक तिचा," वांगेची म्हणाली. "एक तिच्या बहिणीचा."

गथोनीनं टोपलीचा पट्टा कपाळावर चढवला आणि निघून गेली.

वांगेचीनं दुसरा पेला भिंतीशी ठेवला, काठोकाठ भरून. वमाइथानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आपला उचलला आणि एका दमात संपवला. वर ओठ पुसून म्हणाली, "अजून."

भिंतीशी कोणी फिरकलं नव्हतं. वांगेची स्वतः पाहत होती. पेला उचलला तेव्हा तो बोटानं निपटल्यासारखा स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी गथोनी लवकर आली. पिठाचं माप शिगेपर्यंत भरलेलं. मुलाचा पेला तिनं ओळीत ठेवला. मग कमरेच्या कापडातून आणखी एक काढला, जुना, कड उडालेला, आणि वांगेचीकडे न बघता भिंतीशी ठेवला.

"सल्ला नाही का आज?" वांगेचीनं हळूच विचारलं.

"थोडी पातळ कर," गथोनी म्हणाली. "तो फार लहान होता."

तिच्यामागून आणखी तिघी-चौघी आल्या. त्यांच्याही हातात दोन-दोन पेले होते.

पोरांनी नेहमीसारखे पेले मोजायला घेतले. ओळ आज भिंतीपर्यंत गेली होती. गथोनीचा मुलगा बोट टेकवत बारापर्यंत पोचला आणि अडला. पुढचा आकडा त्याला येत नव्हता.

भिंतीकडून दोन-तीन बारीक आवाज एकदम म्हणाले, "तेरा."

"तेरा," तो म्हणाला आणि पुढच्या पेल्यावर बोट ठेवलं.

वांगेचीनं पळी बुडवली आणि वमाइथापासून वाढायला सुरुवात केली.